नळाआडची उचकी

उचकीचा पहिला आळ आला तो कलियावर, आणि तोही मनातल्या मनात.

गणपती नुकतेच उठले होते आणि शफीकभाईंच्या लेकीचं, गजालाचं, लग्न होतं. शफीकभाई म्हणजे अनंतरावांचे पाटबंधारे खात्यातले सोबती. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघांनी उभी नोकरी काढली होती. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी एकमेकांचं तोंड पाहिल्याशिवाय दोघांना चहा गोड लागत नसे. मांडवामागं मोठाल्या डेगांत मटणाचा कलिया रटरटत होता, भट्टीतून नान निघत होते. सरोजिनीबाईंसाठी आणि त्यांच्यासारख्या चार घरांसाठी वेगळी पंगत, वेगळा आचारी. अनंतराव पानावर बसले, दोन घास खाल्ले आणि "जरा शफीकला मदत करून येतो" म्हणून उठले. परत आले तेव्हा कपाळावर घाम, नाकाचा शेंडा लाल आणि तोंडात मूठभर बडीशेप.

सरोजिनीबाईंना सगळं ठाऊक होतं. लग्नाला दोन-चार वर्षं झाली तेव्हापासून ठाऊक होतं. सासूबाई होत्या तोवर घरात कांदासुद्धा दार लावून चिरला जायचा. सासूबाई गेल्या, पण नवऱ्याचं चोरून खाणं आणि बायकोचं न बघणं, हे दोन्ही तसंच चालू राहिलं. त्यांना वाटायचं, आपण लपवलं. हिला वाटायचं, आपण लपवू दिलं. असं झाकून ठेवलेलं एखादं भांडं प्रत्येक संसारात असतं, आणि त्यावरचं झाकण दोघंही मोठ्या मायेनं सांभाळतात. हे झाकण एक दिवस कशावर पडेल, याचा विचार मात्र कुणी करत नाही.

रिक्षातून उतरून अनंतराव दाराचं कुलूप काढत होते, तेव्हा पहिली उचकी आली. मग दुसरी. मग कुलपाची किल्लीच हातातून पडली.

"लग्नातली पुरी तेलकट होती," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"होती खरी," अनंतराव म्हणाले, आणि पुन्हा उचकले.

त्यांचं घर चिकलठाण्याला, विमानतळाच्या अंगाला. रो हाऊसांच्या रांगेतलं शेवटून दुसरं. पुढं हातभर अंगण, गच्चीवर काळी टाकी, मागं एक निळा ड्रम. शहराला पाणी येतं आठवड्यानं, कधी त्याहूनही उशिरा, त्यामुळं टाकी आणि ड्रम ही घरातली वडीलधारी माणसं. त्यांना विचारल्याशिवाय कपडे धुवायचे नाहीत, पाहुणे बोलवायचे नाहीत. अनंतरावांनी आयुष्यभर कालव्यांचे हिशेब लिहिले होते. दात घासताना तांब्याभर पाण्याच्या वर घेतलं तर ते बायकोला ऐकवायचे, "सरोज, जायकवाडी काय तुझ्या वडिलांनी बांधलंय का?"

त्या रात्री उचकी चमचाभर साखरेनं थांबली. सकाळी चहाबरोबर परत आली. सरोजिनीबाईंनी आल्याचा तुकडा मिठाला लावून दिला. वाकून पेल्याच्या पलीकडच्या कडेनं पाणी प्यायला लावलं, ते निम्मं सदऱ्यावर सांडलं. लिंबू चोखून झालं. श्वास धरून झाला. संध्याकाळी शफीकभाई स्कूटरवरून आले, तेव्हा अनंतराव कागदी पिशवीत तोंड घालून बसले होते.

"क्या मियाँ, फुगा फुगवताय का?"

"उचकी... थांबंना... कालपासून."

"कलियाला बदनाम करू नका हां, अख्खा मांडव..." शफीकभाईंनी जीभ चावली. स्वयंपाकघराकडं पाहिलं. "म्हणजे ती बटाट्याची भाजी म्हणतो मी, भाभी. आमच्यात त्याला पण कलियाच म्हणतात."

"हो का?" सरोजिनीबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. "मला पण शिकवा एकदा तो बटाटा."

शफीकभाईंनी मग घाबरवून उचकी घालवायचा बेत केला. मित्राच्या कानाशी लागून पण सगळ्या घराला ऐकू जाईल असं कुजबुजले, "अनंतराव, भाभीला मी सगळं सांगून टाकलं."

अनंतराव दचकले, पण उचकी दचकली नाही.

आणि मग, कसं कोण जाणे, सरोजिनीबाईंना त्यांची आई आठवली. वैजापूरकडचं खेडं, पहाटेचं जातं आणि जात्यावरचा आईचा ओला आवाज.

*उचकी लागली बाई, थांबंना पाण्यानं,*
*कोण काढितं आठव, पुसावं नावानं.*

आईला उचकी लागली की ती जातं थांबवायची आणि एकेक नाव घ्यायची. भावाचं, बहिणीचं, सासरी गेलेल्या मैत्रिणीचं. ज्या नावाला उचकी थांबेल, तो माणूस आपली आठवण काढतो आहे. सरोजिनीबाई हसत हसत खुर्चीवर बसल्या. "थांबा, बघू या कोण आठवतंय तुम्हाला. पैठणच्या वन्सं?"

उचकी.

"अप्पाराव भाऊजी?"

उचकी.

"तो मेलेला माणूस आहे भाभी, तो कुठून आठवण काढणार," शफीकभाई म्हणाले.

"संस्कृती? आपली ओवी?" सून झाली, नात झाली. उचकी दोघींनाही बधली नाही. पुढचं नाव सरोजिनीबाईंनी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. "हिमांशू?"

भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. अनंतराव मान ताठ करून बसले होते, डोळे किंचित मोठे झालेले. उचकी आली नाही. वरून विमान उतरण्याचा आवाज आला, गेला, तरी आली नाही.

"बघा," सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, तो आठवण काढतोय."

हिमांशू त्यांचा एकुलता एक, बेंगळुरूला असायचा. त्याच्याशी भांडण वगैरे काही नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. नुसतं हळूहळू कमी होत गेलं होतं सगळं. रविवारी फोन यायचा. कसे आहात, बरे आहोत. पाणी आलं का, आलं. ओवी झोपलीय, बरं मग ठेवतो. वडील-मुलगा तर आता एकमेकांशी सरोजिनीबाईंमार्फतच बोलायचे. "त्याला म्हणावं तब्येत सांभाळ." "बाबांना सांग, गोळ्या वेळेवर घ्या." निरोप पोचवता पोचवता बाईंना वाटायचं, आपण आई नाही, पोस्टाची पेटी आहोत.

त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला. "हिमांशू, आत्ता बाबांची आठवण काढलीस का रे?"

पलीकडं आधी कुणाचंतरी इंग्रजी बोलणं ऐकू आलं, मग दार लागल्याचा आवाज. मग तो म्हणाला, "हो आई. आत्ताच. का गं?"

त्यांनी उचकीची सगळी गोष्ट सांगितली. तो हसला. कितीतरी दिवसांनी तो मोकळा हसलेला त्यांनी ऐकला. "दे बाबांना," तो म्हणाला, आणि बापलेक चांगले पाव तास बोलत बसले. क्रिकेटवर, गुडघ्यांवर, शाळेतल्या कुठल्यातरी मास्तरांवर. शफीकभाई निघाले तरी बोलणं चालूच होतं.

त्या दिवसापासून घराला नवं वळण लागलं. दिवेलागणीला हिमांशूचा फोन ठरलेला. "लागली का उचकी बाबांना?" हा त्याचा पहिला प्रश्न. लागली असेल तर सरोजिनीबाई आधी चार खोटी नावं घेत, गंमत वाढवत, आणि शेवटी त्याचं नाव घेत. अनंतराव ताठ बसत. उचकी थांबे. कधी ओवी फोनवर यायची. "आजोबा, आता मी आठवण काढते हं. एक, दोन, तीन." आणि अनंतराव एक सणसणीत उचकी देत. ती पोर हसून लोळायची. सरोजिनीबाईंना वाटायचं, काय नाटकी माणूस आहे हा, नातीसाठी उचकी पण खोटी काढतो.

दिवाळीला येतो, हिमांशू म्हणाला. चार दिवस नाही, चांगली सुट्टी काढून येतो.

सरोजिनीबाईंनी माळ्यावरून मोठा पितळी डबा काढला, चकलीचा साचा धुऊन ठेवला. मनातून त्या उचकीला दुवा देत होत्या.

दसऱ्याच्या सुमारास टाकीचं पाणी पुरेनासं झालं.

पाण्याचा वार यायच्या आधीच टाकी कोरडी. असं या घरात कधी झालं नव्हतं. सरोजिनीबाईंनी गच्चीवर जाऊन पाहिलं, गळती नव्हती. मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. अनंतराव अलीकडं दिवसातून कितीदा तरी बाथरूममध्ये जात आणि आत नळ चालूच राही. बादली भरून वाहून गेलेली, फरशी ओलीचिंब.

"अहो, नळ बंद करायला विसरताय तुम्ही. एवढं पाणी जातंय."

"हो का? वय झालं."

ज्या माणसानं दुसऱ्यांच्या तांब्यातलं पाणी मोजलं, तो नळ विसरतो. वय झालं, त्यांनीही मनाला तेच सांगितलं. जेवण कमी झालं होतं, त्यालाही वयच. चपला पायाला घट्ट होतात म्हणत, पावलांवर पट्ट्यांचे वळ उठत, त्यालाही वयच. गुडघे धरले की ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणत आणि चण्याफुटाण्यासारख्या खात. या घरात वय नावाच्या मोठ्या टोपलीत काहीही टाकलं तरी मावत होतं.

एका संध्याकाळी त्या देवापाशी दिवा लावून मागं वळल्या. बाथरूममध्ये नळ सुरू होता. आज मात्र त्या चिडल्या. ड्रममध्ये वीतभर पाणी उरलं होतं. दोनदा हाक मारली, उत्तर नाही. त्या तरातरा दारापर्यंत गेल्या, दार वाजवायला हात उचलला.

आणि ऐकलं.

नळाच्या धारेखाली, बादलीत पडणाऱ्या पाण्याच्या आवाजाखाली, उचकी होती. एक. मग श्वास घ्यायला जेमतेम जागा, की दुसरी. खोल, कोरडी, पोटाच्या तळातून ओढून काढल्यासारखी. मधेच ओकारीचा आवाज. मग पुन्हा उचकी. खेळातली गोड उचकी नव्हती ही. जातं रिकामंच फिरावं, दगडावर दगड घासावा, तसा आवाज होता.

सरोजिनीबाईंचा हात तसाच वर राहिला. त्या एका क्षणात त्यांना सगळं दिसलं. ताठ केलेली मान. मोठे झालेले डोळे. गळ्याची ती शीर, जी हिमांशूचं नाव घेतलं की तटतटून वर येई. हा माणूस श्वास धरून बसत होता. पहिल्या दिवसापासून. उचकी थांबत नव्हती, ते थांबवत होते, बायकोच्या तोंडावर हसू फुटेपर्यंत आणि मुलाचा फोन लागेपर्यंत. आणि मग इथं येऊन नळ सोडत होते. नातीला दिलेली ती सणसणीत उचकीही खोटी नव्हती. कोंडलेली तेवढीच एक मोकळी सोडलेली होती.

हे सगळं त्यांना दिसलं. आणि खरं सांगायचं तर, नवंही वाटलं नाही. मटणाचा वास आला की नाक वळवायचं, तशी कुठंतरी आत त्यांनी ही शीरही बघून न बघितल्यासारखी केली होती.

दार उघडलं तर ही उचकी आजार होणार होती. मग ती आठवण राहणार नव्हती.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. दिवेलागणीचा फोन.

सरोजिनीबाई वळल्या आणि फोनकडं धावल्या.

"लागली का आज?" हिमांशूनं विचारलं.

"लागली होती," त्या म्हणाल्या. "तुझं नाव घेतलं, थांबली."

फोन झाल्यावर बोलू, असं त्यांनी ठरवलं होतं. फोन झाल्यावर अनंतराव तोंड पुसत बाहेर आले, बरे दिसले. मग ठरवलं, उद्या बोलू. उद्या शफीकभाई आले. मग ठरवलं, दिवाळी होऊ दे, हिमांशू आला की तोच घेऊन जाईल डॉक्टरकडं, तो सगळं नीट करेल. पाण्याचा वार आला आणि गेला. पुन्हा आला. टाकी भरायची आणि उचकीवर वाहून जायची, आणि बाई पाण्याबद्दल एक शब्दही बोलत नव्हत्या. शेजारणीकडून दोन घागरी उसन्या आणल्या, तेव्हा अनंतरावांनी एकदा विचारलं, "तू रागावत नाहीस हल्ली?"

"वय झालं," त्या म्हणाल्या.

वसुबारस तोंडावर आली. सकाळी चकल्यांची भाजणी चाळणीत होती आणि अनंतराव अंगणातल्या खुर्चीवरून उठता उठता खाली बसले. पडले नाहीत, नुसते बसले, भिंतीला टेकून, जसं माणूस उन्हात चालून दमतं. चेहऱ्याचा रंग राखेसारखा झालेला. उचकी चालूच, पण आता ती लपवायला अंगात बळ नव्हतं.

शफीकभाईंनी मोटार बोलावली. त्यांची पुतणी महेजबीन जालना रोडवरच्या एका दवाखान्यात डॉक्टर होती, तिच्याकडं नेलं. तिनं पाय दाबून पाहिले, बोट रुतलं तिथं खळगा तसाच राहिला. रक्त घेतलं. मग खुर्ची जवळ ओढून बसली.

"काका, उचकी किती दिवस आहे?"

अनंतरावांनी बायकोकडं पाहिलं. बायकोनं फरशीकडं.

"मध्ये थांबते का, काकू? की सलग?"

"नाव घेतलं की थांबते," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्या पांढऱ्या खोलीत आपलाच आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "मुलाचं नाव घेतलं की."

महेजबीन हसली नाही. तिच्याही आजीनं तिला नावं घ्यायला शिकवलं असणार. ती सावकाश, शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगत गेली. छाती आणि पोटाच्या मध्ये एक पडद्यासारखा स्नायू असतो, तो झटका देतो, तीच उचकी. घाईघाईत जेवलं, तिखट जास्त झालं, सोडा प्यायला, पित्त वाढलं, की तो चिडतो. अशी उचकी घोटघोट पाण्यानं, चमचाभर साखरेनं, थोडा वेळ श्वास धरल्यानं जाते, आणि नाही केलं काही तरी जाते. "पण दोन दिवसांच्या वर राहिली ना काकू, की मग ती उचकी नसते. आतलं कुणीतरी दार वाजवत असतं."

आतली मूत्रपिंडं होती. साखर जुनी होती, रक्तदाब जुना होता, आणि वरून त्या गुडघ्याच्या गोळ्या. रक्तातली घाण बाहेर जात नव्हती, ती साठत होती, आणि त्या पडद्याला डिवचत होती. डायलिसिस लावावं लागणार होतं. आणि बहुतेक लागतच राहणार होतं.

अनंतरावांना आत नेल्यावर सरोजिनीबाईंनी बाहेरच्या पॅसेजमध्ये महेजबीनला गाठलं. "बाळ, आधी आणलं असतं तर? दसऱ्याला आणलं असतं तर?"

"काकू, असा विचार करू नका."

"तू सांग."

महेजबीननं गळ्यातला स्टेथोस्कोप उगाच सारखा केला. "गोळ्या तेव्हाच बंद केल्या असत्या. थोडं सावरता आलं असतं, कदाचित. सगळं नसतंच आलं."

त्यातलं ते 'कदाचित' सरोजिनीबाईंनी पदराला बांधून घरी आणलं.

हिमांशू दुसऱ्या दिवशीच्या विमानानं आला. घरावरून जाताना वरून आपली काळी टाकी ओळखली, असं म्हणाला. दवाखान्यातल्या बाकावर तो आईशेजारी बसला. त्याच्या कानापाशी पांढरे केस आले होते. फोनवर ते दिसले नव्हते.

"आई, तू विचारायचीस ना, आठवण काढलीस का म्हणून."

"हं."

"पहिल्या दिवशी मी मीटिंगमध्ये होतो. आठवण वगैरे काही नव्हती काढली. हो म्हणालो नुसतं. तुझा आवाज असा होता की नाही म्हणवेना." त्यानं हाताचे तळवे एकमेकांवर घासले. "नंतर मात्र खरंच काढायला लागलो. उचकी लागली असेल का, असं दिवसभर यायचं डोक्यात. मला वाटायचं, चला, आपण काढली की त्यांना कळतं. मी खूश असायचो गं. आणि ते इकडं..."

"तू हो म्हणालास, त्यात काय चुकलं," त्या म्हणाल्या. आपलं काय चुकलं ते त्यांना सांगवेना. त्यांनी त्याच्या कानापाशीचे पांढरे केस बोटानं मागं सारले.

दिवाळी दवाखान्यातच गेली. ओवीनं करून हिमांशूबरोबर पाठवलेला आकाशकंदील शफीकभाईंनी वॉर्डाच्या खिडकीला अडकवला. नर्स रागावली, तर म्हणाले, "बेटा, ये भी इलाज है." डायलिसिसच्या तिसऱ्या खेपेनंतर उचकी थांबली. कुणाचं नाव न घेता, अशीच, दुपारी केव्हातरी. अनंतराव गाढ झोपले होते. इतके दिवस घरात असलेला एक आवाज गेला, आणि सरोजिनीबाई त्या शांततेत कान देऊन बसून राहिल्या.

सुट्टी संपली, हिमांशू गेला. जाताना पुढच्या महिन्यात येतो म्हणाला, आणि आलाही. फोन रोजचा राहिला. पण आता तो विचारतो, रक्तातलं क्रिएटिनिन किती आलं, वजन किती वाढलं, आणि आई आकडे सांगते.

डॉक्टरांनी अनंतरावांना पाणी मोजून दिलं आहे. दिवसाला एक बाटली, त्यातच चहा, त्यातच औषधाचा घोट, त्यातच आमटी. सकाळी सरोजिनीबाई बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवतात. आयुष्यभर गावाचं पाणी मोजणारा माणूस आता आपलं पाणी डोळ्यांनी मोजत पडलेला असतो. "जायकवाडीत किती साठा आहे गं?" असं बाटलीकडं बघत विचारतात, आणि स्वतःच उत्तर देतात, "निम्मा."

एके दिवशी दुपारी डायलिसिसहून आल्यावर ते अंगणातल्या खुर्चीवर बसले होते. पाण्याचा वार होता. मागच्या ड्रममध्ये नळीची धार पडत होती. त्या आवाजानं सरोजिनीबाईंचे मेथी निवडणारे हात थांबले. हातातली मेथी तशीच ठेवून त्या म्हणाल्या, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांग."

"दसऱ्याच्या वेळी. तुम्ही बाथरूममध्ये होतात. मी दारापर्यंत आले होते. ऐकलं होतं मी."

अनंतरावांनी मान हलवली, जशी कुणी भाजी कोणती आहे सांगितल्यावर हलवावी. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बांगड्या वाजल्या होत्या तुझ्या."

मागं ड्रमात पाणी चढत होतं, आवाज बारीक होत होता.

"मग हाक का नाही मारली?" त्यांचा आवाज चिरकला. "एक हाक मारायची होती."

"उचकीतून हाक मारून बघ एकदा," ते म्हणाले, आणि जरासे हसले. मग हसू मावळलं. "मला वाटलं, उघडशील. कडी लावली नव्हती मी."

"लावली नव्हती?"

"कधीच लावली नाही. पडलोबिडलो तर तुला सापडलो पाहिजे ना." त्यांनी बाटली उचलली, उजेडात धरून पाहिली, न पिताच खाली ठेवली. "पण फोन वाजला. तू पळालीस. अगं, लग्न झालं तेव्हा पोस्टमन आला की पळायचीस तू, माहेरच्या पत्रासाठी, तशी. पावलं ऐकली मी. म्हटलं, असू दे. हिला पळू दे."

आईच्या चालीवर दोन ओळी कुठून तरी आपोआप जुळून सरोजिनीबाईंच्या ओठाशी आल्या.

*दाराच्या गं आड कोण, उभी राहिली सावली,*
*हात उचलंना तिचा, कडी कुणी नाही लावली.*

त्यांनी त्या म्हटल्या नाहीत. मेथीची जुडी मांडीवर घेतली आणि पानं खुडू लागल्या. नवराबायकोंनी एकमेकांना इतकी वर्षं सुखानं फसवलं होतं, आणि एकदाच, फक्त एकदाच, दार ढकलायचं होतं.

संध्याकाळी जेवताना अनंतरावांनी भाकरीचा घास घाईनं गिळला आणि त्यांना उचकी लागली.

दोघंही थांबले. सरोजिनीबाईंच्या हातातला चमचा ताटावर वाजला. ते श्वास धरतात का, म्हणून त्यांनी त्यांच्या गळ्याकडं पाहिलं. शीर वर आली नाही. दुसरी उचकी अनंतरावांनी मोकळी येऊ दिली. तिसरीही.

सरोजिनीबाईंनी कुणाचंच नाव घेतलं नाही. उठून उशाची बाटली आणली, तळाशी उरलेलं वाटीत ओतलं आणि त्यांच्या ओठाला लावलं. "घोटघोट. हळू."

घोट घेतला. थोडा वेळ गेला. उचकी थांबली. साधीच होती, भाकरीची.

"थांबली," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

तरीही त्या त्यांच्याजवळून हलल्या नाहीत. त्यांच्या छातीवर हात ठेवून, तळव्याखाली काही हलतं का बघत बसून राहिल्या. बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला. दिवेलागणीचा. वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला.

"हिमांशू असेल," अनंतराव म्हणाले. "उचल की."

"वाजू दे," सरोजिनीबाई म्हणाल्या.